कलप

कलप म्हणजे डोक्याच्या, दाढीच्या किंवा मिशीच्या केसांचा रंग बदलण्यासाठी, विशेषतः पांढरे झालेले केस काळे करण्यासाठी, वापरले जाणारे रंगद्रव्य अथवा रंगद्रव्यांचे मिश्रण होय. हिंदी व उर्दूत यासाठी 'खिजाब' हा मूळचा अरबी शब्दही रूढ आहे. मराठी बोलण्यात अलीकडे 'डाय' आणि 'हेअर कलर' हे शब्दही सर्रास वापरले जातात. कलप वनस्पतिजन्य, धातुजन्य किंवा संश्लेषित असू शकतो. आज बाजारात मिळणाऱ्या टिकाऊ गडद कलपांपैकी बहुतेक कलप पॅरा-फेनिलीनडायअमीन (संक्षेपाने पीपीडी) या संयुगावर किंवा त्याच्या कुळातील संयुगांवर आधारलेले असतात.

घरच्या घरी कलप लावणे ही नित्याची बाब झाली असली, तरी पीपीडी हे त्वचेची ॲलर्जी (अधिहर्षता) निर्माण करणाऱ्या प्रमुख रसायनांपैकी एक आहे. ही ॲलर्जी पहिल्याच वापरात प्रकट होते असे नाही. अनेक वर्षे कोणताही त्रास न होता कलप लावणाऱ्या व्यक्तीलाही ती पुढे उद्भवू शकते. त्यामुळे प्रत्येक वापरापूर्वी त्वचेवर पूर्वचाचणी घेणे हा घरगुती वापरातील सर्वांत महत्त्वाचा नियम ठरतो.

## केसांची रचना आणि रंग

केस हा मुख्यतः केरॅटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या सर्वांत बाहेरील आवरणात कौलांप्रमाणे एकमेकांवर रचलेले पातळ खवले असतात. त्याच्या आत जाड मधला थर असतो आणि जाड केसांत सर्वांत आत गाभा असतो. केसाला रंग देणारे मेलॅनिन हे रंगद्रव्य मुख्यतः मधल्या थरात आढळते. युमेलॅनिनमुळे केसांना काळा व तपकिरी, तर फिओमेलॅनिनमुळे तांबूस व पिवळसर रंग येतो. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी मेलॅनिन तयार करीनाशा झाल्या की तेथून उगवणारा केस पांढरा येतो. संस्कृत वैद्यकग्रंथांत या स्थितीस 'पालित्य' अशी संज्ञा आहे.

त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. म्हणून कलपामुळे मुळांतील रंगनिर्मिती पुन्हा सुरू होत नाही. डोक्याचे केस महिन्याला साधारणतः एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे तीन-चार आठवड्यांत मुळांशी पांढरी रेघ दिसू लागते आणि कलप पुन्हा लावावा लागतो. हा पुनःपुन्हा होणारा वापर ॲलर्जीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक वापरात त्वचेचा रसायनाशी नव्याने संपर्क येतो.

## इतिहास

केस रंगवण्याची प्रथा प्राचीन आहे. इजिप्तमध्ये या कामी मेंदी वापरली जात असे. भारतात वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' या सहाव्या शतकातील ग्रंथात सुगंधी द्रव्यांविषयीच्या प्रकरणाच्या आरंभी केस काळे करण्याची कृती दिली आहे. तीत कोद्रव धान्य आंबट द्रवात लोखंडी भांड्यात लोहचूर्णासह शिजवून त्याचा लेप डोक्याला लावावा आणि नंतर आवळ्याचा लेप द्यावा, असे सांगितले आहे. लोह आणि आवळ्यासारख्या तुरट पदार्थांतील टॅनिने यांच्या संयोगाने काळे संयुग तयार होते. आवळकाठी किंवा मेंदी लोखंडी कढईत रात्रभर भिजत ठेवण्याच्या घरगुती पद्धतीतही हेच तत्त्व आहे.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मॉव्ह हा संश्लेषित रंग शोधला आणि डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांवर आधारलेल्या रंगोद्योगाचा पाया घातला गेला. ऑगस्ट व्हिल्हेल्म फॉन होफमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६३ मध्ये पीपीडीचे वर्णन केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पीपीडी व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या साहाय्याने केस रंगवण्याचे तंत्र पुढे आले. युजेन श्युलेर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०७ च्या सुमारास केशरंग बनवण्यास आरंभ केला आणि १९०९ मध्ये कंपनी स्थापन केली. तीच पुढे लॉरेआल या नावाने प्रसिद्ध झाली. 'निरुपद्रवी केशरंगांची फ्रेंच कंपनी' अशा अर्थाचे तिचे मूळ नाव होते. केशरंगांमुळे होणाऱ्या उपद्रवाची धास्ती ग्राहकांना त्या काळीही होती, हे या नावावरून लक्षात येते.

१९३० च्या दशकात अमेरिकेत 'लॅश ल्यूर' या भुवया व पापण्या रंगवण्याच्या पीपीडीयुक्त उत्पादनामुळे काही स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. त्यांपैकी एकीला अंधत्व आले. १९३८ च्या अमेरिकी अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या पार्श्वभूमीवरील ठळक घटनांत हिची गणना होते. कलप पापण्यांना व भुवयांना लावू नये, हा आज जगभर छापला जाणारा इशारा याच इतिहासाशी जोडलेला आहे.

## प्रकार

टिकाऊपणानुसार कलपाचे पुढील प्रकार केले जातात.

* तात्पुरते: यांतील रंगद्रव्याचे मोठे रेणू केसाच्या पृष्ठभागावरच राहतात आणि एक-दोन धुण्यांत निघून जातात.
* अल्पकाळ टिकणारे: यांतील लहान रेणू खवल्यांखाली काही प्रमाणात शिरतात. हा रंग अनेक धुण्यांपर्यंत हळूहळू फिका होत जातो. यात सहसा पेरॉक्साइड नसते.
* टिकाऊ (ऑक्सिडीकरणाने रंग देणारे): यांत रंग केसाच्या आत तयार होतो. क्रीम, द्रव, पावडर व शॅम्पूसारखे कलप ही याचीच निरनिराळी रूपे आहेत. पाण्यात कालवायच्या पावडरीमध्ये ऑक्सिडीकारक घन स्वरूपात आधीच मिसळलेला असतो.
* धातुजन्य: धातूंचे क्षार केसांवर साचून रंग क्रमाक्रमाने गडद होतो. यांपैकी शिशाचे क्षार विषारी आहेत. सौंदर्यप्रसाधनांना रंग देण्यासाठी शिसे व आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास भारतात बंदी आहे.
* वनस्पतिजन्य: मेंदी आणि नीळ ही यांची प्रमुख उदाहरणे होत.

### मेंदी आणि नीळ

मेंदीच्या (शास्त्रीय नाव: लॉसोनिया इनर्मिस) पानांतील लॉसोन हे द्रव्य केरॅटिनशी जोडले जाते. त्यामुळे मेंदीचा रंग पक्का बसतो, पण तो नारिंगी ते तांबूस तपकिरी असतो. शुद्ध मेंदीने पांढरे केस काळे होत नाहीत. काळा रंग हवा असल्यास मेंदीनंतर निळीच्या (इंडिगोफेरा टिंक्टोरिया) पानांच्या पुडीचा लेप देतात. माका, जास्वंद व आवळा ही घरगुती तेलांतील परिचित द्रव्ये आहेत, परंतु त्यांपैकी कोणतेही स्वतंत्रपणे टिकाऊ काळा रंग देत नाही.

## रासायनिक क्रिया

टिकाऊ कलप बहुधा दोन भागांत मिळतो. पहिल्या भागात पीपीडीसारखे मूळ द्रव्य, रेसॉर्सिनॉलसारखे जोडद्रव्य आणि अमोनिया किंवा अन्य अल्क असतो. दुसऱ्या भागात हायड्रोजन पेरॉक्साइड असते. बाटलीवर आढळणारा '२० व्हॉल्यूम' हा उल्लेख सुमारे ६ टक्के पेरॉक्साइड दर्शवतो. त्याचा अर्थ असा की त्या द्रावणाच्या एका घनमापातून ऑक्सिजनची २० घनमापे मोकळी होऊ शकतात.

दोन्ही भाग एकत्र केल्यावर अल्कामुळे केस फुगतो व त्याचे खवले उघडतात. रंगहीन लहान रेणू केसाच्या मधल्या थरात शिरतात. तेथे पेरॉक्साइडमुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि ते परस्परांशी जोडले जाऊन मोठे रंगीत रेणू बनतात. हे रेणू आकारामुळे सहज बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग टिकतो. पेरॉक्साइडमुळे केसातील मूळ मेलॅनिनही काही अंशी विरंजित होते.

ही क्रिया पूर्ण होण्यास ठरावीक वेळ लागतो. त्याहून अधिक काळ कलप ठेवल्याने रंग अधिक पक्का होत नाही. त्वचेचा संपर्क मात्र वाढतो आणि केसही रुक्ष होतात.

## ॲलर्जी आणि अन्य दुष्परिणाम

अमोनियाच्या उग्र वासामुळे डोळे चुरचुरतात आणि त्वचेची जळजळ होते. हा क्षोभ लगेच जाणवतो आणि बहुधा धुतल्यावर ओसरतो. पीपीडीची ॲलर्जी याहून निराळी आहे. ती रोगप्रतिकारक यंत्रणेची विलंबित प्रतिक्रिया असते. आधीच्या एखाद्या वापरात शरीर त्या द्रव्याविषयी संवेदनशील बनते. त्यानंतरच्या वापरात साधारणतः एक ते तीन दिवसांत लक्षणे दिसू लागतात. लक्षणे इतक्या उशिरा दिसत असल्याने त्रासाचे कारण कलप आहे हे अनेकदा ध्यानात येत नाही.

डोक्याची त्वचा, कपाळाची कड, कानांमागील भाग आणि मान येथे खाज सुटते, लाली येते व पाणी सुटणारे बारीक फोड येतात. पापण्यांची त्वचा पातळ असल्याने कलप डोक्याला लावलेला असूनही डोळे सुजून बंद होऊ शकतात. दाढी-मिशीला कलप लावणाऱ्यांत चेहऱ्यावर पुरळ उठते. काही व्यक्तींच्या कपाळावर व गालांवर काळसर डाग पडतात, तर काहींच्या त्वचेचा रंग जाऊन कोडासारखे पांढरे चट्टे येतात. क्वचित प्रसंगी काही मिनिटांतच अंगभर गांधी उठून श्वास कोंडतो. ही स्थिती प्राणघातक ठरू शकते.

एकदा निर्माण झालेली संवेदनशीलता सहसा आयुष्यभर टिकते आणि पुढील प्रत्येक वापरात प्रतिक्रिया अधिक तीव्र होण्याची शक्यता असते. पीपीडीची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला टोल्यूइन-२,५-डायअमीनसारखी समकुलीन द्रव्ये, काही बधिरकारके (उदा. बेंझोकेन) आणि कापडातील काही रंग यांचाही त्रास होऊ शकतो. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचाशोथाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००६ मध्ये पीपीडीला 'वर्षातील ॲलर्जीकारक' घोषित केले होते.

## उत्पादनांच्या नावांबाबतचे गैरसमज

'काळी मेंदी': मेंदीचा स्वाभाविक रंग काळा नसल्याने, केसांना अर्ध्या-पाऊण तासात काळेभोर करणाऱ्या 'काळ्या मेंदी'त बहुधा पीपीडी मिसळलेले असते. जत्रांत व पर्यटनस्थळी हातावर काढल्या जाणाऱ्या काळ्या नक्षीतही ते आढळते आणि त्याचे प्रमाण कलपातील प्रमाणाहून अधिक असू शकते. अशा नक्षीमुळे लहानपणी संवेदनशील झालेल्या व्यक्तीला पुढे आयुष्यात पहिल्यांदा कलप लावतानाच तीव्र प्रतिक्रिया येण्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

'अमोनियारहित': अशा कलपात अमोनियाऐवजी दुसरा अल्क असतो. त्यामुळे उग्र वास टळतो, पण पीपीडी टळतेच असे नाही.

'हर्बल' व 'नैसर्गिक': वेष्टनाच्या दर्शनी भागावरील वनस्पतींची चित्रे घटकद्रव्यांची हमी देत नाहीत. खरी माहिती मागील बाजूच्या घटकसूचीत असते. तेथे पीपीडी हे पी-फेनिलीनडायअमीन, १,४-डायअमिनोबेंझीन किंवा १,४-बेंझीनडायअमीन अशा नावांनी नोंदलेले असू शकते. ज्या उत्पादनावर घटकसूचीच नाही, ते वापरू नये.

शुद्ध मेंदीदेखील सर्वांना निर्धोक नसते. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या व्यक्तींत, विशेषतः तान्ह्या मुलांत, मेंदीतील लॉसोनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटून पंडुरोग व कावीळ होऊ शकते.

## घरी कलप लावण्याची सुरक्षित रीत

### पूर्वचाचणी

पूर्वचाचणी प्रत्येक वेळी घ्यावी. तेच उत्पादन पूर्वी अनेकदा वापरले असले, तरी ती टाळू नये. एक तर संवेदनशीलता दोन वापरांच्या मधल्या काळात निर्माण होऊ शकते आणि दुसरे म्हणजे उत्पादकाने घटक बदललेले असू शकतात.

१. कानामागील किंवा कोपराच्या आतील बाजूची लहानशी जागा साबणाने धुऊन कोरडी करावी.

२. माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे थोडासा कलप तयार करून त्या जागी लावावा व वाळू द्यावा. किती वेळाने धुवावा हे माहितीपत्रकावरून ठरवावे.

३. भारतातील नियमांनुसार वेष्टनात दिल्या जाणाऱ्या सूचनेत २४ तासांचा अवधी असतो. प्रतिक्रिया त्याहून उशिरा येऊ शकत असल्याने ४८ तासांपर्यंत त्या जागेवर लक्ष ठेवणे अधिक हितावह असते.

४. खाज, लाली, सूज किंवा फोड यांपैकी काहीही आढळल्यास ती जागा धुवावी आणि तो कलप वापरू नये.

चाचणी निर्दोष ठरली म्हणजे पूर्ण हमी मिळाली असे नव्हे, मात्र धोका बराच कमी होतो. ज्यांना कलपामुळे किंवा काळ्या नक्षीमुळे पूर्वी त्रास झाला आहे, त्यांनी घरी चाचणीही घेऊ नये. अशा व्यक्तींची तपासणी त्वचारोगतज्ज्ञ करतात. त्यासाठी पाठीवर ठरावीक द्रव्यांच्या पट्ट्या सुमारे ४८ तास चिकटवून ठेवतात आणि त्यानंतरही पुन्हा निरीक्षण करतात.

### पूर्वतयारी

* डोक्यावर जखम, खरूज, गळू किंवा उन्हाने भाजल्याच्या खुणा असल्यास कलप लावू नये.
* केस सरळ किंवा कुरळे करण्याची रासायनिक प्रक्रिया त्याच सुमारास करू नये. दोहोंत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे.
* पूर्वी धातुजन्य कलप किंवा धातूंचे क्षार मिसळलेली मेंदी लावली असल्यास त्यावर पेरॉक्साइडयुक्त कलप लावू नये. दोहोंच्या क्रियेतून उष्णता निर्माण होऊन केस तुटू शकतात.
* काचेचे, चिनी मातीचे किंवा प्लॅस्टिकचे भांडे घ्यावे. धातूचे भांडे टाळावे.
* कपाळाच्या कडेला, कानांना व मानेला व्हॅसलीनचा पातळ थर लावावा. यामुळे त्वचेवर डाग पडत नाहीत.
* हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. बंद न्हाणीघरात कलप लावू नये.

### प्रत्यक्ष वापर

कलप लावण्याच्या अगदी आधी मिसळावा. दोन निरनिराळी उत्पादने एकत्र करू नयेत. कंगव्याने भांग पाडत ब्रशने केसांवर लावावा व त्वचेवर चोळू नये. रंग पूर्वी लावलेला असल्यास केवळ मुळांशी वाढलेल्या पांढऱ्या भागालाच लावावा, म्हणजे जुने केस पुनःपुन्हा रसायनात भिजत नाहीत. वेळ घड्याळाने मोजावी. जळजळ असह्य झाल्यास वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता केस धुवावेत. भुवया व पापण्यांना कलप कधीही लावू नये.

ठरलेली वेळ झाल्यावर पाणी स्वच्छ येईपर्यंत कोमट पाण्याने केस धुवावेत. हातमोजे शेवटपर्यंत काढू नयेत. उरलेले मिश्रण टाकून द्यावे. ते झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत ठेवल्यास आत ऑक्सिजन साचून बाटली फुटू शकते. पुढील दोन-तीन दिवस त्वचेकडे लक्ष ठेवावे.

## त्रास झाल्यास करावयाचे उपाय

* खाज किंवा सूज: सौम्य शॅम्पू व भरपूर पाण्याने कलप त्वरित धुवावा व डॉक्टरांना दाखवावे. उत्पादनाचे वेष्टन सोबत न्यावे, कारण त्यावरून घटक कळतात.
* डोळ्यात गेल्यास: स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवावा. स्पर्शभिंगे असल्यास काढावीत आणि नेत्रतज्ज्ञांकडे जावे.
* श्वास लागणे, ओठ-जीभ सुजणे, भोवळ येणे: विलंब न करता रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.
* पोटात गेल्यास: पीपीडीयुक्त कलप पोटात गेल्यास चेहरा व मान सुजून श्वासमार्ग बंद होऊ शकतो. त्यानंतर स्नायूंची हानी होऊन लघवी काळसर होते व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. यावर विशिष्ट उतारा नाही, म्हणून वेळ अत्यंत मोलाचा असतो. घरी उलटी करवू नये. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावे. लहान पुड्या मुलांच्या हाती सहज लागतात, म्हणून कलप कुलपात ठेवणे इष्ट होय.

## कर्करोग व गर्भावस्था

१९७५ मध्ये ब्रूस एम्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक केशरंग जिवाणूंमध्ये उत्परिवर्तन घडवतात, असे दाखवले. त्यानंतर काही घटक वगळण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात केशकर्तन व्यवसायातील संपर्कास 'संभवतः कर्करोगकारक' (गट २अ) ठरवले. व्यक्तिगत वापराबाबत मात्र वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही (गट ३), असे नोंदवले. रोज अनेक ग्राहकांना कलप लावणाऱ्या कारागिरांनी हातमोजे व खेळती हवा यांकडे विशेष लक्ष देणे म्हणूनच आवश्यक ठरते.

कलपातील द्रव्ये त्वचेतून अल्प प्रमाणातच शरीरात शोषली जातात. तरीही खबरदारी म्हणून गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत कलप टाळण्याचा सल्ला अनेक डॉक्टर देतात.

## कायदे व नियम

भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम १४९ अन्वये डांबरजन्य रंग असलेल्या कलपांच्या वेष्टनावर इंग्रजी व स्थानिक भाषांत इशारा देणे बंधनकारक करण्यात आले. या कलपामुळे काहींच्या त्वचेचा क्षोभ होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्यावी आणि भुवया-पापण्यांना तो लावू नये, अंधत्व येऊ शकते, असा त्याचा आशय आहे. चाचणीची कृती देणारे माहितीपत्रकही आवश्यक ठरवले गेले. सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२० मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले.

युरोपीय संघात केसांवर प्रत्यक्ष लावल्या जाणाऱ्या मिश्रणात पीपीडीचे प्रमाण कमाल २ टक्के असावे, अशी मर्यादा आहे. हे उत्पादन १६ वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही आणि काळ्या मेंदीच्या नक्षीमुळे ॲलर्जीचा धोका वाढू शकतो, असे इशारेही तेथे छापावे लागतात.

## समाजजीवनात

पिकलेल्या केसांकडे पाहण्याची मराठी समाजाची दृष्टी दुहेरी आहे. 'हे केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत' या वाक्प्रचारात पांढरे केस अनुभवाचे निदर्शक मानले जातात. दुसरीकडे लग्नकार्य, नोकरीतील मुलाखत किंवा छायाचित्र काढण्याचा प्रसंग आला की कलपाची आठवण होते. अशा प्रसंगाच्या आदल्या दिवशी घाईने कलप लावताना पूर्वचाचणी वगळली जाते. पूर्वचाचणीचा ४८ तासांचा अवधी लक्षात घेता कार्याच्या किमान आठवडाभर आधी तयारी करणे सोयीचे ठरते, कारण चाचणीत त्रास आढळल्यास पर्याय शोधण्यास वेळ हाती राहतो.

## हेही पाहा

* मेंदी
* नीळ
* मेलॅनिन
* केस
* त्वचाशोथ